माणशी अर्धा एकर : ग्रामगौरव प्रतिष्ठानची वाटचाल

हडपसरच्या गाडीतळावर रस्त्याला फाटा फुटतो. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते आणि माउलींची पालखी सासवड रस्त्याला वळून दिवे घाट चढते. इथल्या पाण्यालाही असाच फाटा आहे. सोलापूर रस्त्याच्या अंगाने मुठेचा उजवा कालवा गेला. खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकात, १८७९ च्या सुमारास पुरं झालं आणि हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी कांचन, यवत या पट्ट्यात बागायत उभी राहिली. आज जिथे मगरपट्ट्याच्या इमारती आहेत, तिथे ऊस डोलत होता हे सांगणारी माणसं गावात अजून आहेत. सासवड रस्त्याने मात्र फुरसुंगी, वडकी मागे टाकून घाट चढला, खाली मस्तानी तलाव दिसला, की कालवा तळातच राहिलेला असतो. वर पुरंदर. सह्याद्रीच्या पाऊसछायेतला तालुका. पूर्वेकडे कऱ्हेच्या खोऱ्यात सरकावं तसा पाऊस कमी कमी होत जातो आणि वाईट वर्षी अडीचशे-तीनशे मिलिमीटरवरही भागवावं लागतं.

हडपसरच्या स्मरणिकेत घाटावरच्या संस्थेचा इतिहास कशाला, असं कुणी विचारील. कारण एकच. उजाड झालेली जमीन तपासायची, तिची मोडतोड कुठे झाली ते शोधायचं आणि ती पुन्हा उभी करून द्यायची, या कामाला आज ‘इकॉलॉजिकल कन्सल्टन्सी’ असं भारदस्त नाव मिळालं आहे; पण आपल्या रस्त्यावर हे काम पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालं. आणि त्या संस्थेने पुढे पाण्याच्या वाटपाचा जो हिशेब मांडला, तो बागायतीत वाढलेल्या आपल्या भागाने नीट वाचलाच नाही.

ग्रामगौरव प्रतिष्ठानचे संस्थापक विलासराव साळुंखे हे इंजिनिअर. पुण्यात त्यांचा ‘अ‍ॅक्युरेट इंजिनिअरिंग’ हा कारखाना होता आणि तिथे बनत ती अचूक मोजमापाची साधनं, म्हणजे गेज. हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांना गेज काय असतो हे सांगायला नको. एका टोकाला ‘गो’, दुसऱ्या टोकाला ‘नो गो’. भोकात गो सुळकन शिरलं पाहिजे आणि नो गो शिरता कामा नये. तरच माल पास. मायक्रॉनमध्ये विचार करणारा हा माणूस बहात्तरच्या दुष्काळात पुरंदरला जाऊन पोचला.

त्या दुष्काळाचं वर्णन करायला नवीन शब्द नकोत. सुकडी, मिलो आणि खडी हे तीन पुरेत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला होता. शेतकरी, ज्याच्या दावणीला काल बैल होते, तो बायकोपोरांसह रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसला होता. साळुंख्यांना अस्वस्थ केलं ते या दृश्याने आणि त्यामागच्या हिशेबाने. एवढी माणसं, एवढे दिवस, एवढा पैसा; आणि शेवटी उरणार काय, तर खडीचा ढीग. रस्ता झालाच तरी पुढचा दुष्काळ त्याच रस्त्याने चालत येणार होता. तेच हात गावच्या ओढ्यात बांध घालायला लावले तर?

१९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठानची स्थापना झाली. पुरंदरमधल्या नायगावात देवस्थानाची सुमारे १६ हेक्टर, म्हणजे चाळीस एकर जमीन पडून होती. उताराची, धुपलेली, खडकाची हाडं वर आलेली. ती प्रतिष्ठानने पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. साळुंखे आणि त्यांच्या पत्नी कल्पनाताई शहरातलं घर सोडून तिथे राहायला गेले. गावाला याचं कोडं पडलं असणार. कारखानदार माणूस, जमीन घ्यायची तर कालव्याखालची का नाही घेतली?

जमीन हातात आल्यावर पहिलं काम झालं ते मोजण्याचं. आपल्याकडे उजाड टेकडी दिसली की आधी खड्डे खणतात, मग रोपं आणतात, मग मंत्र्यांना बोलावतात. इथे क्रम उलटा होता. पाणी कुठून येतं, किती वेगाने येतं, माती कुठे नेऊन टाकतं, खाली खडक कसा आहे, हे आधी. चाळीस एकरांवर पडणाऱ्या पावसाचा साधा हिशेब आपणही करून पाहू. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस धरला तर १६ हेक्टरवर ६४ हजार घनमीटर पाणी पडतं. लिटरमध्ये सांगायचं तर ६ कोटी ४० लाख. ज्या रानाला सगळे कोरडं म्हणत होते, त्याच्यावर दरसाल एवढं पाणी पडत होतं आणि दोन-चार वळवांच्या तडाख्यात मातीसकट कऱ्हेला जाऊन मिळत होतं.

दख्खनच्या पठारावर विहीर खणताना कडेला उभं राहावं, म्हणजे या कामाचं अर्धं शास्त्र डोळ्यांनी दिसतं. वर वीत-दोन वीत माती. तिच्याखाली मुरूम, पहारीने सुटणारा, पाणी पिणारा. मग कुठे लालसर, भोकाभोकांचा मांजऱ्या, तोही थोडंफार पाणी धरतो. आणि त्याखाली काळा पत्थर, ज्याला सुरुंगाशिवाय कुणी हात लावत नाही. पाणी साठायचं ते मधल्या थरात आणि पत्थराच्या चिरांमध्ये. मातीच वाहून गेली तर पाऊस मुरमापर्यंत पोचायच्या आत उताराला लागतो. म्हणून दुरुस्ती वरून खाली करायची असते, माथ्याकडून पायथ्याकडे. माथ्यावर चराई थांबवून गवत येऊ द्यायचं, उतारावर समपातळीत बांध घालायचे, घळीत ताली आणि नाला बांध, पायथ्याला पाझर तलाव, आणि तलावाच्या खालच्या अंगाला विहीर. तलावातलं पाणी थेट उपसायचं नाही. ते मुरू द्यायचं आणि विहिरीत पाझरून येईल तेवढंच पंपाने पुन्हा उतारावरच्या शेतांना द्यायचं. नायगावला हेच केलं. समपातळीची रेषा हातभर चुकली तर पाणी एका टोकाला गोळा होतं आणि बांध फोडून जातं, त्यामुळे इथे कारखान्यातली सवय कामाला आली. ज्या जमिनीत बाजरीची आशा धरणं धाडसाचं होतं, तिथे धान्य आणि भाजीपाला निघू लागला, बांधावर झाडं धरली.

इतपत गोष्ट महाराष्ट्रात पुढे पुष्कळ गावांनी करून दाखवली. खरा तिढा त्यानंतरचा आहे. रान सुधारलं, विहिरीला पाणी आलं. आता हे पाणी कोणाचं?

सरकारी कागदांत याचं उत्तर ठरलेलं होतं. ज्याची जमीन त्याचं पाणी. कालव्याखाली वीस एकरवाल्याला वीस एकरांचं पाणी, दोन एकरवाल्याला दोन एकरांचं, आणि भूमिहीनाला वीस एकरवाल्याच्या उसात मजुरी. घाटाखाली आपण शंभर वर्षं याच न्यायाने वागलो आणि त्यात काही वावगं आहे असं फारसं कुणाला वाटलं नाही. साळुंख्यांनी मात्र गावकऱ्यांपुढे वेगळं माप ठेवलं. पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. याचंच नाव पाणी पंचायत. पुढे हेच नाव इतकं रुळलं की प्रतिष्ठानचं मूळ नाव लोक विसरले.

नियम कागदावर पाच-सहा ओळींचेच आहेत, पण एकेक ओळ चांगलीच कडक आहे. घरात तीन माणसं असतील तर दीड एकराचं पाणी. आठ असली तरी अडीचचंच. कुणाची जमीन वीस एकर आणि घरात चौघं, तर पाणी दोन एकरांचं, बाकी जमीन पावसावर. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही माणशी वाटा आहे. तो दुसऱ्याची जमीन वाट्याने घेऊन स्वतःच्या हक्काचं पाणी तिथे वापरू शकतो. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही, तो पंचायतीकडे परत येतो. ऊस लावायचा नाही, पाणी खाणारी पिकं घ्यायची नाहीत. वाटप पाटकऱ्याकडे, आणि पाटकरी नेमायचा तो लाभधारकांनी. योजनेच्या खर्चापैकी २० टक्के रक्कम लाभधारकांनी आधी जमवायची, ५० टक्के सरकारी अनुदान आणि उरलेली ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज.

गेजची गोष्ट वर सांगितली ती यासाठी. अर्धा एकर हे ‘गो’ टोक आहे, एवढं प्रत्येकाला मिळालंच पाहिजे. अडीच एकर हे ‘नो गो’. त्यापुढे कितीही मोठ्या वाड्यातला माणूस असो, आत शिरत नाही.

यातला २० टक्क्यांचा नियम मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्यावर टीकाही सगळ्यांत जास्त झाली. दुष्काळात होरपळलेल्या माणसाकडून आधी पैसे मागायचे? पण पैसे भरलेला माणूस मोटर जळाली की तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन जात नाही, रिवाइंडिंगवाल्याकडे जातो. फुकट आलेल्या योजनांची गंजलेली पंपघरं महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत.

१९८० च्या आसपास नायगावातून ही उपसा योजनांची पद्धत पसरू लागली. पुरंदरमधली माहूरसारखी गावं त्यात आली. या काळात प्रतिष्ठानने जे काम केलं ते नेमकं सल्लासेवेचं होतं, फक्त बिल न फाडता केलेलं. गावाने गट करून यायचं. प्रतिष्ठानची माणसं जाऊन पाणलोटाची पाहणी करणार, विहिरीची जागा ठरवणार, किती माणसांना पाणी पुरेल याचा हिशेब मांडणार. मग पाइपलाइनचा मार्ग, मोटर किती हॉर्सपॉवरची, अंदाजपत्रक, पाटबंधारे खात्याची परवानगी, वीजमंडळाकडचे हेलपाटे. आणि या सगळ्यांच्या आधी बैठका. कुणाला वाटतं आपल्याला कमी मिळालं, कुणाचं पूर्वीचं भांडण बांधावरचं असतं ते पाइपलाइनवर येतं, कुणी म्हणतं महारवाड्याला कशाला पाणी. अहवालात हे बसत नाही. पण योजना टिकते की मोडते ते याच बैठकांत ठरतं आणि साळुंखे पती-पत्नींचं आयुष्य मुख्यतः अशा बैठकांतच गेलं.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पाणलोटाचं काम हाती घेतलं, तेव्हा त्यांच्यासमोर नमुना होता तो साळुंख्यांच्या कामाचा, आणि त्यांनी साळुंख्यांचा सल्लाही घेतला. राळेगणचं नाव पुढे देशभर झालं, नायगावचं त्या मानाने मागे राहिलं. याची खंत संस्थेच्या लोकांना असेल किंवा नसेल. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र ऋण कुणाचं कुणावर ते नोंदवून ठेवावं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा भिंतीभिंतींवर रंगवली गेली, ती त्यानंतर.

याच सुमारास पुण्यात दुसरा एक प्रवाह सुरू झाला होता, त्याचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. १९८२ मध्ये प्रकाश गोळे यांनी इकॉलॉजिकल सोसायटी काढली. गोळ्यांची नजर पिकावर नव्हती, अधिवासावर होती. शहराचं सांडपाणी पोटात घेऊन पुढे वाहणाऱ्या मुळा-मुठेवर कोणते पक्षी टिकतात, कोणते जातात, याचा अभ्यास त्यांनी केला. प्रदूषित नदीवरच्या पक्ष्यांवरचा त्यांचा लेख १९८४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. पानशेतच्या पाणलोटात त्यांनी निसर्ग सावरण्याचा प्रत्यक्ष प्रयोगही केला. कुंपण, वणवाबंदी, चराईबंदी, आणि मग थांबणं. निसर्गाला आपलं आपण काय करता येतं ते आधी पाहायचं आणि नड असेल तिथेच हात लावायचा. पुण्यात आज खासगी जमिनींचं परिसर-पुनरुज्जीवन व्यवसाय म्हणून करणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यापैकी बरीच गोळ्यांच्या अभ्यासवर्गात घडलेली आहेत.

साळुंखे आणि गोळे ही दोन टोकं शेजारी ठेवली की नायगावच्या कामाची मर्यादाही दिसते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. प्रतिष्ठानने रान सावरलं ते माणसाच्या पोटासाठी. पुरंदर-बारामतीचा सगळा माळ काही बिघडलेली जमीन नव्हे. कुसळी, पवना, मारवेल अशी गवतं, मध्ये बोरी, हिवराची झुडपं, आणि त्यावर जगणारे चिंकारा, लांडगे, धाविक, माळटिटवी. हा अधिवास मुळातच कमी पावसाचा आणि विरळ झाडांचा आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठीच राखलेलं आहे. अशा माळावर चर खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या तर ती दुरुस्ती होत नाही, मोडतोड होते. आणि सरकारी व हौशी वृक्षारोपणांनी ती पुष्कळ केली आहे. नायगावची जमीन धुपून गेलेली शेतजमीन होती, तिला बांध आणि तलाव हेच औषध. शेजारच्या माळाला तेच औषध देता येत नाही. कोणती जमीन कशाने आजारी आहे आणि कोणती मुळीच आजारी नाही, हे ओळखण्यासाठीच आधी तपासणी लागते. त्या अर्थाने साळुंख्यांचं मोजमाप आणि गोळ्यांचं निरीक्षण एकमेकांना पूरकच होतं, जरी दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांच्या गप्पा फारशा जमल्या नसत्या.

नव्वदीनंतरचा इतिहास तितका सुखाचा नाही. सगळ्या योजना टिकल्या नाहीत. काही ठिकाणी उद्भव आटला, काही ठिकाणी थकलेल्या वीजबिलापायी जोड तुटला, काही ठिकाणी गटच फुटला. पण या सगळ्यांपेक्षा मोठा घाव घातला तो बोअरच्या गाडीने. पाणी पंचायतीचा नियम गावाने मिळून पाळायचा असतो. बोअर एकट्याची असते. शेजाऱ्याने रात्रीतून तीनशे फूट घेतली की अडीच एकरांची मर्यादा पाळणारा माणूस स्वतःलाच खुळा समजू लागतो. पुढे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आली. पावसाचं पाणी धरायला म्हणून अनुदान, आणि भरायची बोअरच्या पाण्याने. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी उपसून वर, उन्हात, एकट्याच्या मालकीचं करून ठेवायचं! भूजलासाठी राज्याने २००९ मध्ये कायदा केला, पण बोअरची गाडी तो वाचून थांबली असं ऐकिवात नाही.

२००२ मध्ये विलासराव साळुंखे गेले. संस्थेची धुरा कल्पनाताईंनी उचलली. सासवड-जेजुरी रस्त्यावर खळद येथून काम पुढे चालू राहिलं. योगायोग असा, की त्याच वर्षी ओडिशाने ‘पाणी पंचायत’ नावाचा कायदा केला. नाव तेच, पण आत पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था, म्हणजे पुन्हा सिंचनाखालच्या जमिनीचा धनी तोच सभासद. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानेही सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे दिलं आणि ते चांगलंच झालं. मात्र भूमिहीनाचा वाटा त्याही दाराबाहेर राहिला. नायगावातून सरकारने बांध घेतले, तलाव घेतले, लोकवर्गणीही घेतली. माणशी अर्धा एकर तेवढं घेतलं नाही.

दरम्यान घाटावर पाणी चढलं. पुरंदर उपसा सिंचन योजनेसाठी उरुळी कांचनजवळ कोरेगाव मूळला मुळा-मुठेतून पाणी उचलतात आणि डोंगर चढवून पुरंदरच्या पूर्व भागात सोडतात. हे पाणी म्हणजे पुण्याच्या आणि आपल्या हडपसरच्या मोऱ्यांतून नदीत गेलेलंच. मुंढव्याच्या जॅकवेलमधूनही असंच शहराचं वापरलेलं पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडलं जातं आणि खालच्या शेतांना मिळतं. आपण धरणाचं पाणी आधी घेतो आणि मग हे उरलेलं पुढे देतो. पुरंदरचा शेतकरी त्यावर बागा जगवतो आहे, पंपांच्या वीजबिलाचे पैसे भरतो आहे, आणि पाण्याला वास येतो म्हणून कधी तक्रारही करतो आहे. कुणी या योजनेला कमी लेखू नये; कोरड्या तलावात ते पाणी उतरतं तेव्हा पंचक्रोशीतल्या विहिरी वर येतात.

त्या पाण्याची मागणी करायला अर्ज भरावा लागतो. त्यात गावाचं नाव विचारतात, गट नंबर, क्षेत्र आणि पीक विचारतात. घरात माणसं किती, हा रकाना त्यात नाही.